कारहू लाइन सोडत नाही

एल्वी मात्तिलाच्या स्वयंपाकघरात पावाच्या डब्याशेजारी एक कॉम्प्युटर बसला होता. तिची मुलगी मार्लीन जपानला जाताना तो ठेवून गेली होती, आणि सोबत मोडेम नावाची एक चपटी काळी डबी. दुपारची भांडी आवरली की एल्वी हात पुसून त्याच्यासमोर बसायची. डबी आपली आपण नंबर फिरवायची आणि मग तिच्यातून आवाज यायचा: टूं, टूं, टूं. लाइन बिझी.

"लागला का तुझा जपान?" खिडकीशी बसून बुटांना चरबी चोळता चोळता रेइनो विचारायचा. सारा जन्म जंगलात लाकूडतोडीत गेलेला तिचा नवरा गुडघा धरल्यापासून घरीच असायचा, आणि घरी असल्यामुळे त्याला सगळ्यात बोलायला वेळ होता.

"कुणीतरी बसलंय आत."

"कुणीतरी म्हणजे कोण, तोच असणार. तूच म्हणालीस ना, एकच मेला आहे तो."

पेल्कोला हे गाव मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, सुपीरिअर सरोवराच्या काठाला चिकटलेलं. विद्यापीठ तिथून मोटारीने तासाभरावर. विद्यापीठाच्या गावात मोडेमच्या रांगाच्या रांगा होत्या, पोरं वसतिगृहातून फोन लावायची आणि इंटरनेटवर जायची. पण पेल्कोलाहून तिथे फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल, मिनिटामिनिटाला मीटर पळणार. म्हणून विद्यापीठातल्या कुणा भल्या माणसाने पेल्कोलाच्या वाचनालयात, मागच्या खोलीत, एक मोडेम बसवून दिला होता. गावातल्या कुणीही मागितलं तर नाव आणि परवलीचा शब्द मिळायचा. सकाळी त्याच तारेवर वाचनालयाचा फोन चालायचा. दुपारी बारा वाजले की नोरीन ट्रेंबथ, म्हणजे तिथली ग्रंथपाल, फोनची वायर काढून मोडेमला लावायची. मोडेम एकच. सगळ्या आळीला एकच नळ असावा आणि त्याखाली एकाने पिंप लावून ठेवावं, तशातली गत झाली होती.

पिंप लावून बसणाऱ्याचं नाव एल्वीला ठाऊक होतं. कधी नशिबाने आत शिरायला मिळालं, तर आधी कोण आत होतं ते पडद्यावर विचारता यायचं. उत्तर नेहमी एकच: कारहू. कारहू म्हणजे अस्वल. गावातले निम्मे लोक फिनलंडहून आलेल्यांची लेकरं, त्यामुळे शब्द सगळ्यांना कळायचा. माणूस कोण ते मात्र कुणालाच कळत नव्हतं. नोरीनला विचारलं, तर ती म्हणाली, नावं विद्यापीठ देतं, मी नुसती वायर लावते.

एल्वीला लाइन कशाला हवी होती, तर नातीसाठी. मार्लीन साप्पोरोला शाळेत इंग्रजी शिकवायची आणि जवळजवळ रोज ई-मेल लिहायची. त्यात एमी काय बोलली ते असायचं. एमी तीन वर्षांची, दोन भाषांत एकदम बोलायला शिकत होती, आणि जे शब्द दोन्हीकडे सापडायचे नाहीत ते स्वतःच घडवायची. ते शब्द तिकडे टपालपेटीत येऊन पडलेले आहेत आणि आपण मात्र टूं टूं ऐकत बसलोय, हे एल्वीला सहन होईना.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आत शिरायला मिळालं तेव्हा तिने मुलीचं पत्र वाचायच्या आधी कारहूला खरमरीत ओळी लिहिल्या. "कारहूसाहेब, आपण कोण ते मला माहीत नाही. पण ही तार आपल्या वडिलांनी ओढलेली नाही. माझी नात जपानात बोलायला शिकतेय. तुम्ही लाइन सोडेपर्यंत ती बहुतेक कॉलेजात जाईल. एल्वी."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं.

"मिसेस मात्तिला, अस्वल एकदा बिळात शिरलं की वसंतापर्यंत बाहेर येत नाही, हे आपल्यासारख्या जाणत्या बाईला मी काय सांगू? तरीही आपल्या नातीखातर रोज चार ते पाच मी बिळाबाहेर थंडीत कुडकुडत उभा राहीन. ती काय बोलली तेवढं मला कळवत जा, म्हणजे माझं कुडकुडणं सार्थकी लागेल. आपला, कारहू."

एल्वी हसली, आणि मग दचकली. "अरे, मी आडनाव लिहिलंच नव्हतं. ह्याला कसं कळलं मी मात्तिला आहे ते?"

"गावात एल्वी तिघी," रेइनो म्हणाला. "त्यात भांडणारी एकच."

तेव्हापासून चारच्या ठोक्याला लाइन मोकळी मिळू लागली. आणि एल्वीला आता एकाऐवजी दोन पत्रांची वाट पाहावी लागे. तिने कळवलं, एमी बर्फाला ढगाचं पीठ म्हणते. कारहूने लिहिलं, मग आपल्या गावात देवाने भाकरी थापायचा विचार केलेला दिसतो, कारण माझ्या अंगणात पिठाचं पोतंच फाटलंय. तिने लिहिलं, एमीने बाहुलीला शिक्षा म्हणून कपाटात बसवलं आणि मग स्वतःच तिच्यासोबत जाऊन बसली. तो म्हणाला, अशी न्यायाधीश काउंटीला मिळाली, तर मीही एखादा गुन्हा करीन. एल्वी ही पत्रं मोठ्याने वाचायची. रेइनो ऐकत नसल्यासारखं करायचा, पण चार वाजता कॉफीचा कप घेऊन खिडकीतून टेबलाशी सरकायचा.

"पोरगा विद्यापीठातला असणार," तो म्हणाला. "शिकलेला दिसतो. जिभेला धार आहे."

"पोरगा कसला? त्याला रॉकेलच्या दिव्याची वात कशी कापतात ते माहीत आहे."

दिवसभर तू करतोस तरी काय, असं तिने एकदा विचारलं. एव्हाना पत्रांत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. त्याचं लांबलचक उत्तर आलं. आपली दुपार ती फिनलंडची रात्र. तिकडे औलु शहरातली विद्यार्थी पोरं एका ठिकाणी जमतात, त्याला भिंती नाहीत, नुसत्या एकाखाली एक ओळी पळत असतात. तिथे तो आईकडून शिकलेल्या फिनिशमध्ये लिहितो. आई जहाजातून उतरली ती पहिल्या महायुद्धाच्याही आधी, आणि तिची भाषा तशीच्या तशी त्याच्याकडे उरली. त्यात इथल्या इंग्रजीची ठिगळं. मोटारीला तो 'कारा' म्हणाला, तेव्हा पोरं हसून खुर्चीवरून पडली. आणि दळायच्या जात्याला त्याची आई जो शब्द वापरायची तो लिहिला, तेव्हा सगळी गप्प झाली, आणि मग एक मुलगी म्हणाली, हा शब्द माझी पणजी म्हणायची. ती पोरं त्याला उक्की म्हणतात, म्हणजे आजोबा. "आई गेल्यापासून मी ही भाषा फक्त कोंबड्यांशी बोलत होतो," त्याने लिहिलं होतं. "त्या उत्तर देत नाहीत असं नाही, पण विषय फार थोडे."

त्या दिवशी एल्वीने पत्र मोठ्याने वाचलं नाही.

नोव्हेंबरात चांगलं गुडघाभर बर्फ पडलं. रेइनोच्या करवतीची साखळी बोथट झाली होती, गुडघ्यामुळे तो घराबाहेर पडायला तयार नव्हता, म्हणून साखळी घेऊन एल्वीच सरोवराकाठच्या उरहो लाहतीकडे गेली. उरहो एकटा राहायचा. करवतींना धार लावायचा, घड्याळं, पंप, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. तो बोलताना अडखळायचा, फार अडखळायचा. शाळेत असताना मास्तर त्याला उभं करून वाचायला लावायचे आणि पोरं हसायची, हे एल्वीने पाहिलेलं होतं. ती त्याच्या दोन इयत्ता मागे. मोठेपणी तो चर्चमध्ये यायचा, कॉफीला दाराजवळ उभा राहायचा, एक कप संपवून निघून जायचा. लोक त्याला घुम्या म्हणायचे. वाईट वागायचं नाही कुणी. तो शब्द सुरू करायचा, कुणीतरी तो पुरा करून द्यायचं, आणि मोकळं व्हायचं. एल्वीनेही किती वेळा साखर पुढे करून, दुधाचं भांडं पुढे करून, त्याचे शब्द असेच पुरे केले होते.

शेडचं दार उघडंच होतं. उरहोची पाठ तिच्याकडे होती. घड्याळांच्या चाकांनी भरलेल्या फळीवर एक कॉम्प्युटर होता, पडद्यावर ओळी भराभर वर सरकत होत्या, आणि उरहोची ग्रीस लागलेली बोटं अशी काही चालली होती की चर्चची ऑर्गन वाजवणारी बाईही चाट पडावी. मधूनच तो एकटाच हसला. ओळींमध्ये 'उक्की' हा शब्द एल्वीने लांबूनच ओळखला.

"म्हणजे अस्वल तू आहेस तर," ती म्हणाली.

उरहो गर्रकन वळला आणि मानेपर्यंत लाल झाला. उठून उभा राहिला. "म... म... म..."

एल्वीच्या जिभेवर शब्द तयार होता, सवयीने. तिने तो दातांखाली धरला. साखळी खाली ठेवली, एक स्टूल ओढलं आणि त्याच्यावर बसली. भिंतीवरची पाच-सात घड्याळं आपापल्या चालीने टिकटिकत होती.

"मा... माफ कर," अखेर उरहो म्हणाला. "ला... लाइनबद्दल."

"लाइन गेली खड्ड्यात. कॉफी आहे का?"

कॉफी होती. त्याने दोन कप ओतले. मग म्हणाला, "आता क... कळल्यावर... लिहिशील ना?"

"का नाही लिहिणार?"

"लोक हळू बोलायला ला... लागतात माझ्याशी. आणि मोठ्याने. जसा काही मी ब... बहिरा आहे."

"मला तर मोठ्यानेच बोलायची सवय आहे," एल्वी म्हणाली. "रेइनोला विचार." तेव्हा उरहो हसला. तसा हसताना गावात त्याला कुणी पाहिलं नसेल.

दुसऱ्या दिवशीच्या पत्रात तो नेहमीच्या ढंगात होता. "काल तू माझा शब्द पुरा केला नाहीस, त्याबद्दल आभार. एकदा मी को-ऑपच्या दुकानात पेंट मागायला गेलो. पे, पे, एवढंच झालं, आणि दुकानदाराने प्रेमाने भिंतीला लावायच्या पेपरची गुंडाळी काढली. नाही म्हणण्यातही एक 'न' असतो, आणि त्या दिवशी माझी 'न'शी भांडणं चालू होती. तर दार रंगवायला गेलेला मी खोलीला गुलाबी फुलांचा कागद लावून बसलो. अजून आहे. ये कधी बघायला."

रेइनो हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तोंड पुसत म्हणाला, "दुकानात त्या दिवशी मी होतो. 'छान फुलं आहेत' असं मीच म्हणालो होतो त्याला."

आणि नेमकं तेव्हाच घोडं अडलं. वाचनालयाच्या दारावर नोरीनने विद्यापीठाची सूचना लावली. पेल्कोलाचा मोडेम दोनच माणसं वापरतात असं दिसून आल्यामुळे डिसेंबरअखेर तो काढून घेण्यात येईल.

एल्वीने विद्यापीठाला लिहिलं. कारहूनेही लिहिलं, आणि ते पत्र एवढं सुंदर होतं की वाचून दगडालाही पाझर फुटला असता. विद्यापीठाकडून आलेलं उत्तर दोन ओळींचं: आपल्या भावना पोचल्या. एल्वी त्या दिवशी निसू भाजत होती. वेलदोडे घातलेला, वेणीसारखा वळलेला गोड पाव. तिने पिठाच्या गोळ्यावर असे काही गुद्दे मारले की रेइनोने खुर्ची मागे घेतली. पण सोमवारी सकाळी, गुडघ्याचं नाव न काढता, टोपी घालून को-ऑपच्या दुकानात गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच होता.

मंगळवारी बारानंतर लाइन बिझी. चार वाजता बिझी. पाच वाजताही बिझी. बुधवारीही तेच. एल्वीला वाटलं, आता बंदच होणार म्हणून उरहोने सगळी लाजलज्जा गुंडाळून ठेवली. ती तडक त्याच्या शेडवर गेली. उरहो दारातच भेटला. कोट चढवून तो तिच्याच घरी निघाला होता.

"तू सो... सोड ना जरा," तो म्हणाला. "औलुची पोरं वा... वाट बघतायत."

"मी? मी दोन दिवस आत गेले नाहीये."

मग कोण आत बसलंय, ते दोघांनाही सुचेना.

गुरुवारी दुपारी नोरीनचा फोन आला. वाचनालयाचा फोन दुपारी चालायचाच नाही, म्हणून ती समोरच्या बेकरीतून बोलत होती. "लवकर ये. विद्यापीठाचा माणूस खोकं घेऊन आलाय. मोडेम आजच नेतो म्हणतो."

एल्वी पोचली तेव्हा उरहो आधीच आला होता. गावात बातमी वाऱ्यासारखी जाते, त्यामुळे आणखीही पंधरा-वीस माणसं ओल्या बुटांनिशी पुस्तकांच्या कपाटांमध्ये उभी होती. रेइनो कोपऱ्यात छताकडे बघत होता, छतावर काही लिहिलेलं असावं तसा. मागच्या खोलीत गुडघ्यांवर बसलेला विद्यापीठाचा माणूस स्क्रू काढत होता. तिशीतला, डेल प्रुएट नावाचा, नाक थंडीने लाल झालेला.

"मोडेम मेलाय बाई," तो एल्वीला म्हणाला. "परवापासून पडद्यावर बघतोय मी. फोन येतो, हा उचलतो, किंचाळतो, पलीकडून उत्तर नाही. लगेच पुढचा फोन. परत तेच. वेड लागलंय त्याला. महिनाअखेर काढायचाच होता, तर म्हटलं कशाला..."

तेवढ्यात बाहेरचं दार आपटलं आणि रेइनोची बहीण व्हिएनो आत आली. व्हिएनोला कानाने कमी ऐकू येतं, आणि तिला वाटतं की सगळ्यांनाच कमी येतं.

"रेइनो," ती म्हणाली, "अजून किती वेळ फिरवायचा रे तो नंबर? बोट सुजलं माझं. आणि उचलला की मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं ओरडतं काहीतरी. आमचा कुत्रा दोन दिवस पलंगाखालून बाहेर आलेला नाही."

वाचनालयात वाचनालयाला शोभेल अशी शांतता झाली. मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"रेइनो," एल्वी म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, दोनच माणसं वापरतात म्हणून काढतायत," रेइनो छताला म्हणाला. "मी म्हटलं, जास्त वापरू. को-ऑपमध्ये सांगितलं, ज्याच्याकडे फोन आहे त्याने दुपारी हा नंबर फिरवा. कॉम्प्युटर लागतो असं कुणी मला सांगितलं नव्हतं."

"मी सांगितलं होतं."

"तू बरंच काही सांगतेस."

डेलने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. त्याचा चेहरा बघून कुणाला हसायचा धीर झाला नाही. "मी एवढ्या बर्फातून तासभर गाडी चालवत आलो," तो म्हणाला. "एका वळणावर तर गाडी खड्ड्यातच गेली होती."

तेव्हा उरहो पुढे आला. टोपी हातात, नजर डेलच्या बुटांवर.

"दो... दो..."

व्हिएनोने तोंड उघडलं. एल्वीने तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की ते मिटलं. नोरीनच्या टेबलावरचा दिवा गुणगुणत होता.

"दोष मा... माझा आहे," उरहो म्हणाला. "लोक येत होते. फो... फोन लावत होते. मी आत. रोज मी. मग त्यांनी ना... नाद सोडला. जे आत गेले त्यांची नों... नोंद तुमच्याकडे. जे दा... दाराबाहेर राहिले, त्यांची कु... कुठे असणार?" त्याने श्वास घेतला. घाम आला होता त्याला. "मी सोडतो. माझं ना... नाव काढा. बाकीच्यांना द्या."

"काही सोडायचं नाही," एल्वी म्हणाली.

डेल जमिनीवरच बसला, पाय पसरून. "बिझी लाइनची नोंद आमच्याकडे होत नाही हे खरं आहे," तो हळूच म्हणाला. "मी साहेबांना हेच म्हणालो होतो. ते म्हणाले, दाराबाहेरचे लोक असतील तर दाखव." त्याने कपाटांमधल्या माणसांकडे पाहिलं. "तुमच्यापैकी खरंच कुणाला हवंय का हे? की नुसता कुत्र्याला छळायचा कार्यक्रम आहे?"

सुरुवातीला कुणी हलेना. मग लॉरेन्स बोडॉइन, मासेमारी करणारा, म्हणाला की सरोवरावरचा वारा आधी कळला असता, तर गेल्या वसंतात जाळी गेली नसती. दोनदा लावून बघितलं होतं, लागलं नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलांसाठी मी कधीची मागतेय. व्हिएनोला कुणीतरी कानात ओरडून प्रश्न समजावला, तेव्हा ती म्हणाली की तिला तिकडे फिनलंडमध्ये वासा गावातली मावसबहीण शोधायची आहे, जिवंत असेल तर. मग सगळेच एकदम बोलायला लागले. नोरीनने बेकरीतून कॉफीची मोठी किटली मागवली, एल्वीने घरून निसू आणला, आणि डेल प्रुएट तिसरा तुकडा खाताना म्हणाला की त्यांच्या तळघरात जुने, मंद मोडेम पडून आहेत, वसतिगृहातून काढलेले, कुणी विचारत नाही त्यांना. "पण त्याला दुसरी फोनलाइन लागेल."

को-ऑपच्या दुकानदाराने घसा साफ केला. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जादा लाइन होती, कुणी वापरत नव्हतं. हा तोच दुकानदार, ज्याने पेंटऐवजी पेपर दिला होता. त्याने उरहोकडे बघितलं आणि थांबला. "चालेल का, उरहो?" त्याने विचारलं.

"चा... चालेल," उरहो म्हणाला.

डेल गेला तो रिकामं खोकं घेऊन. विद्यापीठात त्याने साहेबांना काय सांगितलं ते त्याचं त्याला ठाऊक. पण नाताळाआधी तो परत आला आणि को-ऑपच्या पिठाच्या पोत्यांमागे एक भलामोठा, पिवळा पडलेला मोडेम बसवून गेला. रेइनोने त्याला स्मोक केलेला मासा दिला, खड्ड्यातल्या गाडीची भरपाई म्हणून.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच एल्वी आणि उरहो एकाच वेळी आत होते. पडदा मधोमध दुभंगला. वरच्या अर्ध्यात तिची अक्षरं, खालच्या अर्ध्यात त्याची, टाइप होतील तशी, चुका आणि खोडाखोडीसकट. उरहोची ओळ क्षणात पूर्ण झाली: "शुभ संध्याकाळ, न्यायाधीशांच्या आजी." एल्वीला उत्तर द्यायचं होतं, पण एका बोटाने अक्षर शोधायचं म्हणजे कोंबडीने दाणा शोधावा तसं. उ सापडलं. र सापडलं. मग ह कुठे गेलं कुणास ठाऊक. खालच्या अर्ध्यात काहीच उमटत नव्हतं. तिला जाणवलं, तो तिकडे शेडमध्ये स्वस्थ बसलाय आणि पुढचं अक्षर यायची वाट बघतोय.

"लिही की पटकन," मागून रेइनो म्हणाला. "तो काय म्हातारा होईपर्यंत थांबणार आहे?"

"थांबेल," एल्वी म्हणाली, आणि ह शोधत राहिली.

बर्फ वितळून सरोवर मोकळं झालं आणि जूनमध्ये औलुहून तीन पोरं आली. खरीखुरी, पाठीवर पिशव्या घेतलेली, उन्हाने नाकं सोललेली: दोन मुलगे आणि ती पणजीचा शब्द ओळखणारी मुलगी, सिल्या. बसमधून उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, उक्की कुठे राहतात. व्हिएनोने त्यांना आपल्या मोटारीत घातलं आणि वाटभर फिनिशमध्ये एवढं बोलली की पोरं पोचेपर्यंत थकून गेली होती. तिची वासाची बहीण सापडली होती, जिवंत आणि भांडकुदळ.

शनिवार होता. उरहोने सकाळपासून सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटवली होती. तो दारात उभा होता, नवा शर्ट घालून, हात कुठे ठेवावेत ते न कळून. पोरांनी रस्त्यात त्याच्या अडखळण्याविषयी ऐकलं असेल की नाही, एल्वीला माहीत नव्हतं. सिल्या सरळ पुढे गेली आणि त्याला मिठी मारली.

"त... त... तेर्वे," उरहो म्हणाला. म्हणजे नमस्कार.

"तेर्वे, उक्की," ती म्हणाली, आणि पिशवीतून एक वही काढली. तिला शब्द उतरवून घ्यायचे होते, सगळे, जेवढे त्याच्याकडे असतील तेवढे, त्याच्या आवाजात.

"वे... वेळ लागेल," तो म्हणाला.

"आम्ही तीन आठवडे आहोत."

संध्याकाळी उशिरापर्यंत ऊन होतं. सौनातून लालबुंद होऊन पोरं एकामागून एक धक्क्यावरून धावत सुटली आणि सरोवरात पडली. सुपीरिअरचं पाणी जूनमध्येही हाडं गोठवणारं, त्यामुळे किंकाळ्या पार गावापर्यंत ऐकू गेल्या. त्यांच्यामागून टॉवेल सांभाळत उरहो आला, आणि त्याच्यामागून, गुडघा विसरून, रेइनो. एल्वी धक्क्याच्या टोकाशी कॉफीची किटली घेऊन बसली होती. दोघं म्हातारे एकदम पाण्यात पडले, तिच्या अंगावर गारेगार शिंतोडे उडाले, आणि उरहो पाण्यातून डोकं वर काढून कुठलासा जुना शब्द मोठ्याने ओरडला, एका दमात.

"काय म्हणाला तो?" तिने सिल्याला विचारलं.

काठावर वही मांडीवर धरून कुडकुडत बसलेली सिल्या हसून हसून लिहू शकत नव्हती. "ते मला लिहिता येणार नाही," ती म्हणाली. "पण पणजी म्हणायची हाही."